मिस व्हिटकरच्या बेसमेंटमधले खांब

लोकांच्या घरात शिरायचं, भिंतींवर बोटं वाजवायची, जिन्याखाली वाकून बघायचं आणि शेवटी "हे असं चालणार नाही" असं सांगून निघायचं, हे काम मी व्हँकुव्हरच्या शेजारच्या एका गावात निवृत्त होईपर्यंत केलं. हे काम करणाऱ्याला बिल्डिंग इन्स्पेक्टर म्हणतात. घर बांधताना किंवा त्यात मोडतोड करताना सिटीचं परमिट घ्यावं लागतं आणि काम नियमाप्रमाणे झालंय की नाही हे बघायला सिटीचा माणूस येतो. तो माणूस मी.

या कामात चहा पुष्कळ मिळतो, प्रेम मिळत नाही. एका गृहस्थांनी बेसमेंटमध्ये बिनपरवानगी दुसरं स्वयंपाकघर केलं होतं आणि त्याच्या दारापुढे पुस्तकांचं कपाट सरकवून ठेवलं होतं. मला ते कळलंही नसतं, पण कपाटामागून लसणाची फोडणी यायला लागली. भाडेकरू बाईंना मी आल्याचं कुणी सांगितलंच नव्हतं. एका इटालियन आजोबांनी अंगणात लाकडी ओट्यासारखा डेक बांधला होता, एकही बोल्ट न वापरता. तो पडेल असं मी म्हटल्यावर आजोबा त्यावर चढून नाचले आणि मला म्हणाले, आता तू चढ. मी चढलो नाही. पुढच्या हिवाळ्यात बर्फाच्या वजनाने तो डेक पडला, तेव्हा त्यांनी मला फोन करून सांगितलं की मी नजर लावली.

असे किस्से खूप आहेत आणि मंडळात मी ते रंगवून सांगतो. एक मात्र सांगत नाही. तो आमच्याच देवळातला आहे आणि ऐकणारे निम्मे लोक त्या दिवशी तिथे होते.

आमच्या देवळाच्या आवारात एक जुनं लाकडी घर आहे. इथे त्या धाटणीला क्राफ्ट्समन हाउस म्हणतात. उतरतं बसकं छप्पर, त्याच्या बाहेर डोकावणारी वाशांची टोकं, पुढे ऐसपैस ओसरी आणि तिला खाली रुंद, वर निमुळते होत गेलेले जाड खांब. आत सगळं फर झाडाचं लाकूड, भिंतीतच बसवलेली कपाटं आणि बाकं, नदीतल्या गोट्यांची शेकोटी. सुताराने हाताने केलेलं काम दिसावं, लपू नये, ही त्या घरांची रीत. हे घर मिस व्हिटकर यांच्या वडिलांनी स्वतः बांधलं होतं आणि ते सिटीच्या हेरिटेज यादीत होतं. मिस व्हिटकर शाळेत संगीत शिकवायच्या. लग्न केलं नव्हतं. थकल्यावर त्यांनी घर विकायला काढलं, तेव्हा बिल्डर मागे लागले असतानाही त्यांनी ते शेजारच्या देवळाला दिलं. देवळातली घंटा त्यांना रोज ऐकू यायची आणि ती सुरात आहे असं त्यांचं मत होतं. घर पाडायचं नाही, एवढीच त्यांची अट होती. त्या जवळच्या वृद्धांच्या केअर होममध्ये राहायला गेल्या आणि सणावारी वॉकर घेऊन यायच्या, ओसरीवर बसून शिरा खायच्या.

त्या घरात पुजारी राहायचे, मराठी शाळा भरायची आणि गणेशोत्सवही तिथेच व्हायचा. अध्यक्ष होते डॉक्टर सबनीस. ते या देशात माझ्या आधी कित्येक वर्षं आलेले, माझ्या पहिल्या हिवाळ्यात मला स्वतःचे बूट दिलेले गृहस्थ. मी त्यांना थोरल्या भावासारखं मानत आलो.

त्या वर्षी गणपतीतल्या शनिवारी मी आणि माझी बायको मंगल नटूनथटून गेलो. बाहेर पाऊस होता, म्हणून ढोलपथक घराच्या आतच वाजवत होतं. पुढच्या मोठ्या खोलीत गणपती, त्याच्यापुढे पाय ठेवायला जागा नाही इतकी माणसं आणि ढोल. पंगत खाली बेसमेंटमध्ये होती. मी पान घेऊन बसलो, आणि माझ्या वरणभातावर काहीतरी पांढरं पडलं. मला आधी खोबरं वाटलं. मग ढोलाचा ठेका पडला आणि पुन्हा पडलं. ती वरून पडणारी भुकटी होती.

मी वर बघितलं. छत नवंकोरं, पांढरं, छोटे दिवे बसवलेलं. पण त्याच्या मधोमध एक भेग होती आणि भेगेच्या दोन्ही बाजूंचं छत एका पातळीत नव्हतं. बेसमेंट मला एकदम मोठं का वाटत होतं, हेही तेव्हा लक्षात आलं. अशा घरांत बेसमेंटच्या मधून घराच्या लांबीभर एक जाड तुळई जाते आणि तिला खालून खांब असतात. वरचं सगळं घर त्या तुळईवर बसलेलं असतं. त्या ओळीतले मधले दोन खांब जागेवर नव्हते.

वाढायला प्रशांत होता. पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला, देवळात कुठलंही काम अडलं की हजर. मी विचारलं तर त्याचा चेहरा खुलला. म्हणाला, काका, पंगतीला अडचण व्हायची ना, आम्ही चौघांनी दोन वीकेंडमध्ये काढले, छताचं ड्रायवॉलपण आम्हीच केलं. परमिट? त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. घर आपलंच आहे की, म्हणाला. मला त्याचा राग यायला हवा होता. मला आली ती लाज, आणि तीही आधी माझी स्वतःची. मी इतकी वर्षं परक्यांच्या घरांत जाऊन हेच सांगत होतो आणि आपल्या लोकांना एकदाही सांगितलं नव्हतं. देवळात गेलं की मी फक्त जेवायचो.

मी वर गेलो. डॉक्टर सबनीस आरतीचं तबक पेटवत होते. मी त्यांच्या कानाशी सांगितलं की घर रिकामं करा. ते म्हणाले, आरती होऊ दे, पाच मिनिटं. मी म्हटलं, ढोल थांबवा आणि माणसं बाहेर काढा, आत्ता. त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं.

"श्रीकांत, तू आज इथे कोण म्हणून बोलतोयस?"

"सिटीचा माणूस म्हणून," मी म्हटलं.

हे शब्द मी मुद्दाम निवडले नव्हते, पण ते सगळ्यांनी ऐकले, कारण ढोल नेमका तेव्हाच थांबला होता. लोक निघाले. कुणी आरडाओरड केली नाही. पोरांना कडेवर घेऊन, म्हाताऱ्यांना हात देऊन, रेशमी साड्या भिजवत सगळे पार्किंगमध्ये जाऊन उभे राहिले. शेवटी मी बाहेर पडलो आणि दारात उभा राहिलो. तेव्हा मंगल जवळ आली.

"अहो, आणि गणपती?"

मी नाही म्हटलं. कुणीही आत जायचं नाही. एकाला सोडलं की दहा जातात, हे मला माहीत होतं. मंगल माझ्या शेजारी उभी न राहता बायकांच्या घोळक्यात जाऊन उभी राहिली. गणपती आरतीवाचून, नैवेद्यावाचून आत एकटा राहिला.

आपल्याच देवळाच्या दारावर मीच नोटीस लावणं बरोबर नव्हतं, म्हणून मी ऑफिसच्या इमर्जन्सी नंबरवर फोन केला. माझा एक सहकारी आला. तो खाली जाऊन बघून आला, डोकं हलवत त्याने दारावर आत जायला मनाई करणारी लाल नोटीस चिकटवली. मग पार्किंगमधल्या गर्दीकडे बघून, अगदी साध्या आवाजात त्याने मला विचारलं, "हे तुझे लोक का?"

मी हो म्हटलं. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं, मी झब्बा घालून उभा होतो. तरी माझे कान तापले. बघा, हे लोक असं करतात, असं त्याला वाटलं असेल, ही पहिली लाज. आणि त्याला तसं वाटेल म्हणून मला लाज वाटावी, ही त्याच्यापेक्षा मोठी दुसरी. कपाटामागे स्वयंपाकघर लपवणाऱ्या त्या माणसाबद्दल मी कधी असं म्हटलं होतं का, की हे लोक असे?

दुसऱ्या दिवशी टेकू लावून झाल्यावर गणपती बाहेर आणला. स्ट्रक्चरल इंजिनियरने सांगितलं की तुळई वाकली आहे, तुटलेली नाही. त्या आरतीत घर कोसळलं असतं का? सांगता येत नाही, असं तो म्हणाला. त्या एका वाक्याने माझी पंचाईत झाली. घर पडलं असतं तर मी माणसं वाचवली असती. न पडलेल्या घरात मी फक्त देवाची आरती बंद पाडली होती. तोंडावर कुणी वाईट बोललं नाही. हळदीकुंकवाचं बोलावणं मंगलला यायचं, पण आदल्या दिवशी. डॉक्टर सबनीस भेटले की हवेबद्दल बोलायचे.

इथवर मी बरोबर होतो, आणि बरोबर असण्याचा जो काही कोरडा आनंद असतो तो मला होता. खरी गोष्ट पुढे घडली.

देवळाने घराची रीतसर दुरुस्ती करून तिथे कायमचं सभागृह करण्याची परवानगी मागितली. इथे अशा वेळी सिटी कौन्सिलपुढे जाहीर सुनावणी होते, कुणीही उठून बोलू शकतं. कौन्सिलचं सभागृह भरलं होतं. शेजारच्या रस्त्यावरचे काही लोक देवळाच्या विरोधात होते. पार्किंग, हॉर्न, तळणाचा वास ही त्यांची नेहमीची गाऱ्हाणी. त्या दिवशी त्यांच्यातले एक गृहस्थ माइकपाशी आले ते माझा रिपोर्ट घेऊन, गणपतीतल्या त्या शनिवारी मला काय दिसलं ते मी ऑफिसला लिहून दिलं होतं तो. सरकारी कागद, कुणालाही मागून मिळतो. त्यांनी तो वाचला. खांब काढलेले, परमिट नाही, माणसांच्या जिवाला धोका. माझंच इंग्रजी, माझेच शब्द, एकही खोटा नाही. मग कागदाची घडी करून ते म्हणाले की हे घर कसबी माणसाने बांधलंय, या लोकांना असं घर सांभाळणं कळत नाही, आणि हे मी म्हणत नाही, त्यांचाच माणूस म्हणतोय.

माझ्या मागच्या रांगेत प्रशांत बसला होता. त्याच्या खुर्चीचा आवाज झाला.

मेयरबाईंनी मला उभं केलं. तांत्रिक प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली. मग त्या म्हणाल्या, आणि त्यांचा हेतू चांगला होता हे मला आजही जाणवतं, की तुम्ही या संस्थेला ओळखता. हे घर त्यांच्यावर सोपवता येईल असं तुम्हाला वाटतं का?

आमच्या कामाचा नियम असा की दिसलं ते सांगायचं, वाटलं ते सांगायचं नाही.

"तो माझ्या कामाचा भाग नाही," मी म्हटलं आणि खाली बसलो.

वाक्य नियमात बसणारं होतं. माझ्या साहेबांनी नंतर त्याबद्दल माझी पाठही थोपटली. पण मी काय काय सांगू शकलो असतो, ते मला खुर्चीत टेकताच एकेक करून आठवायला लागलं. याच लोकांनी त्या शनिवारी शब्द उच्चारताच घर रिकामं केलं, कुणी धक्काबुक्की केली नाही. टेकू लावायला प्रशांत स्वतः दिवसभर उभा होता. ओसरीचे खांब बायका दर वसंतात तेलाने पुसतात. हे सगळं मी डोळ्यांनी बघितलं होतं, म्हणजे नियमातही बसलं असतं. मी गप्प राहिलो, कारण पुन्हा कुणी मला "हे तुझे लोक का" असं विचारू नये.

तेव्हा मिस व्हिटकर उठल्या. त्या आल्या आहेत हेही मला माहीत नव्हतं. वॉकर ढकलत माइकपर्यंत जायला त्यांना वेळ लागला आणि तोवर सगळे थांबले. सगळं आयुष्य शाळेत गेलेली बाई, तिला आवाज चढवावा लागला नाही.

"ते घर माझ्या वडिलांनी बांधलं," त्या म्हणाल्या. "एका हिवाळ्यात त्यांनी बेसमेंटमध्ये होडी बांधायला घेतली. होडी वळेना, म्हणून त्यांनी मधला एक खांब कापून टाकला. वरची जेवणाची खोली खचली. आई वसंतापर्यंत त्यांच्याशी बोलली नाही. मग त्यांनी नवा खांब बसवला. ते या गावातले सगळ्यांत कसबी सुतार होते. तेव्हा आमच्याबद्दल कुणी म्हणालं नाही, की या लोकांना घर सांभाळणं कळत नाही."

लोक हसले. आधी एक कौन्सिलर हसला, मग बाकीचे. त्या हसण्याने खोलीतली हवा पालटली, आणि तो कागदवाला गृहस्थही माफक हसला. परवानगी मिळाली, अटींसह. बाहेर प्रशांतने मिस व्हिटकरना गाडीपर्यंत सोडलं. तो रडत होता आणि त्या त्याचा हात थोपटत होत्या. मी दुसऱ्या दाराने निघालो.

दुरुस्तीच्या वेळी घर जॅकवर थोडं उचललं आणि बेसमेंट पूर्ण उघडं केलं. तोवर मी निवृत्त झालो होतो. देवळात जाणं कमी केलं होतं, पण डॉक्टर सबनीसांनी स्वतः फोन करून बोलावलं, येऊन नजर टाक म्हणाले. जुन्या खांबांपैकी शक्य तेवढे परत वापरायचे होते. प्रशांतने काढलेले दोन खांब मागच्या शेडमध्ये होते, इतकं चांगलं लाकूड टाकायला त्याला जिवावर आलं होतं. आम्ही ते आणून जागेवर धरले. तेव्हा दिसलं की जुन्या सुताराने प्रत्येक खांबाच्या माथ्यावर पेन्सिलने आकडा घातला होता आणि तुळईवर बरोबर त्याच जागी तोच आकडा. काही आकड्यांची अर्धी रेघ खांबावर आणि अर्धी तुळईवर होती, खांब उभा केल्यावर ओढलेली. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत टॉर्च घेऊन गेलो. एकूण एक रेघ जुळत होती, सगळे आकडे एकाच हातचे. एकही खांब नंतर बसवलेला नव्हता.

म्हणजे त्या घरातला खांब कधी कुणी कापलाच नव्हता. पहिल्यांदा खांब काढले ते आम्ही.

डॉक्टर सबनीस माझ्या मागे उभे होते. मी टॉर्च त्या रेघांवर फिरवला, त्यांना समजायला वेळ लागला नाही. त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि वर जाऊ या म्हणाले.

मी केअर होममध्ये मिस व्हिटकरना भेटायला गेलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. त्या खिडकीपाशी बसल्या होत्या, बऱ्याच वाळल्या होत्या. घर उचललं का, त्यांनी विचारलं. उचललं म्हटलं. मग त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं.

"तुम्ही खांब बघितले असतील."

"हो."

"बाबांना फार राग आला असता," त्या म्हणाल्या. "त्यांनी आयुष्यात एक खिळा वाकडा मारला नाही. आणि होडीची तर त्यांना भीती वाटायची."

मी माफी मागायला लागलो, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं असं काहीतरी. त्यांनी ते पुढे जाऊ दिलं नाही. शिरा कोण करतं आता, असं विचारलं. मंगल करते म्हटल्यावर, पुढच्या वेळी घेऊन या म्हणाल्या. शिरा एकदाच नेता आला. एका बाईने परक्या माणसांसाठी स्वतःच्या बापाच्या हातकामाला बट्टा लावून घेतला, आणि मला माझ्या माणसांसाठी एक खरं वाक्य बोलता आलं नव्हतं. त्यांच्यासमोर बसून त्यांना चमच्याने शिरा खाताना बघणं मला जड गेलं.

त्या गेल्या तेव्हा चर्चमध्ये प्रार्थना होती. देवळातले बरेच जण गेले. नंतर खालच्या हॉलमध्ये कॉफी आणि सँडविच होती. तिथे एक उंच गृहस्थ माझ्यापाशी आले. मिस व्हिटकरचे पुतणे, विनिपेगहून आलेले. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की मी इन्स्पेक्टर होतो.

ते म्हणाले, आत्याने म्हणे सगळ्या गावापुढे आजोबांची होडीची गोष्ट सांगितली. आमच्या घरात ही गोष्ट कुणी कधी ऐकलेली नाही. आजोबांच्या काटेकोरपणाचा आम्हाला लहानपणी धाक घालायचे, आजोबांनी असं अर्धवट काम केलं असतं का, म्हणून. ते म्हणाले, "तुम्ही ते घर खालून पाहिलंय. खरंच त्यांनी खांब कापला होता?"

डॉक्टर सबनीस माझ्या शेजारी कॉफीचा कप घेऊन उभे होते. ते खाली कपात बघायला लागले.

"हो," मी म्हटलं. "मधला. नंतरचा खांब वेगळ्या लाकडाचा आहे, बघितल्याबरोबर कळतं."

त्या गृहस्थांना इतकं बरं वाटलं की ते मोठ्याने हसले, आणि माझा हात हातात घेऊन त्यांनी बराच वेळ सोडला नाही. मग ते आपल्या बहिणीला सांगायला गेले. हॉलच्या दुसऱ्या टोकाला ती दोघं हसताना मला दिसत होती. त्या मेलेल्या सुतारापुढे मला इतकी लाज वाटत होती की मी सँडविचची बशी तशीच ठेवली आणि कोट शोधायला लागलो. तो डॉक्टर सबनीसांच्या हातात होता. त्यांनी तो माझ्यामागे धरला, दोन्ही बाह्यांत माझे हात नीट जाईपर्यंत थांबले आणि म्हणाले, "चल, घरी सोडतो तुला."